तापाची सुट्टी

३० ऑगस्ट, शुक्रवार

मितालीला ताप! शाळेतून आली ती भिंत धरून. मुलांच्या वह्यांची पिशवी दारातच टाकली आणि दिवाणावर आडवी झाली. कपाळाला हात लावला — नुसता तवा. डोकं फुटतंय म्हणते, डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणते, कंबर मोडली म्हणते. आणि थंडी! भर ऑगस्टात चादर ओढून कुडकुडत पडली आहे माझी सून.

मलेरिया. यात विचार करण्यासारखं काही नाही.

राजहऱ्याच्या लोखंडाच्या खाणीत माझा जन्म गेला. तिथं पावसाळा सुरू झाला की घरोघरी हिवताप. मशीनवर बसल्या बसल्या हिव भरायचं, दात वाजायला लागायचे, आणि मागून धूळ उडवत डंपर चालूच. दवाखान्यातला कंपाउंडर थकून म्हणायचा, “कृष्णरावभाऊ, तुमीच वाटा आता गोळ्या. मले सुया टोचाले टाइम नाई.” तेव्हापासून लागलेला नाद. रिटायर होऊन इथं भिलाईत, मुलाच्या, हर्षलच्या, क्वार्टरात आलो तरी सुटला नाही. सेक्टरात कोणाला कणकण आली की आधी माझ्या दारात. पोट्टे मला मलेरियाकाका म्हणतात. म्हणोत! सुपेल्याच्या बाजारातला मेडिकलवाला मला चिठ्ठीसुद्धा विचारत नाही.

मिताली पडल्या पडल्या म्हणाली, “बाबा, शाळेत दोन-तीन मुलांना डेंगू निघालाय. उद्या रक्त तपासून घेऊ या का?”

रायपूरची मुलगी. या रायपूरच्या जुन्या मराठी लोकांचं असंच, शिंक आली की तपासणी. म्हणालो, “बेटा, डेंगू तो पेपरात असते. हे थंडी पाय ना तुही. असी थंडी मलेरियालेच वाजते.”

ती थोडं हसली. म्हणाली, “बरं बाबा. तुम्ही म्हणता तर द्या.” गोळ्या दिल्या. पेला मीच धरला.

३१ ऑगस्ट, शनिवार

ताप हटत नाही. हर्षल शिफ्टवरून आला तो बूट काढायच्या आधी तिच्या खोलीत. मग माझ्याकडे — “बाबा, मी हिले हॉस्पिटलात दाखवून आणतो ना. खाली-पिली रिस्क कावून घ्यायची?”

म्हणालो, “तू पहिलीत होता, तेव्हा कोनं बरं केलं तुले? हॉस्पिटलनं का बापानं?”

बूट काढायला लागला. स्टील प्लान्टच्या रेल मिलमध्ये पंधरा माणसांवर हुकूम चालवतो, पण माझ्यापुढे अजून गप्प बसतो. चांगलं वाटलं मला, खोटं कशाला सांगू!

अंग फार दुखतंय म्हणून मितालीला माझी गुडघ्याची गोळी दिली. जोरदार आहे. घेतली की मी अर्धा तास तरुण होतो.

स्वयंपाक मी केला. वरण पातळ झालं. उन्नती म्हणाली, “आजोबा, ये दाल है या चाय?” आठ वर्षांची आहे आणि जीभ आजीची घेतली आहे.

१ सप्टेंबर, रविवार

ताप एकशे तीन. तिसऱ्या दिवसाची गोळी दिली, उलटीत गेली. पुन्हा दिली.

२ सप्टेंबर, सोमवार. पोळा

हा कसला पोळा! पुरण नाही, करंजी नाही. पण दाराला पळसाचे मेढे लावले. शेजारचा फकिरा नाल्याकडून पळसाच्या डहाळ्या तोडून घेऊन आला. फकिरा आमच्याच मुलखाचा, आमगावकडचा. प्लान्टच्या कॅन्टीनमध्ये असतो. बायको आणि नातू त्याच्याजवळ. मेढे लावल्याशिवाय पोळा होत नाही हे या सेक्टरात त्याला आणि मला एवढंच कळतं. समोरचे आंध्रावाले दर वर्षी विचारतात, ही झाडाची फांदी दाराला कशाला? दर वर्षी सांगतो. दर वर्षी विसरतात.

मितालीचा ताप आजही आहे. हर्षलनं पुन्हा हॉस्पिटलचं काढलं. त्याला नीट समजावलं — मलेरिया हा शिफ्टवाला आजार आहे. एक दिवस ड्यूटी, एक दिवस ऑफ. सुरुवातीला नवा असतो म्हणून ओव्हरटाइम करतो. गोळी पडली की येतो शिफ्टवर. मग एक दिवस ऑफ घेईल, दुसऱ्या दिवशी येईल पण दम नसेल, आणि मग नाव कटलं! हर्षलला हसू आलं. म्हणाला, “म्हणजे मलेरियाचंबी वीकली ऑफ असते?” म्हणालो, वीकली नाही, एक दिवसाआड. आपल्यापेक्षा त्याची युनियन मजबूत!

आतून मितालीही हसली. बरं वाटलं. बायको, रत्नमाला, गेल्यापासून या घरात माझ्याशी बोलतं कोण? हर्षल प्लान्टमधून निघतो आणि मोबाइलमध्ये जातो. ही पोरगी मात्र शाळेतून आली की चहा घेऊन माझ्यासमोर बसते. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर रोज पेपर वाचून दाखवायची. निधनवार्तासुद्धा — मला त्यांचा शौक आहे, तिला नाही, तरी वाचायची. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, रायपूरची शिकलेली पोरगी, आमच्या बोलण्याला नाक मुरडेल. कधी नाही मुरडलं.

देवा, हिचा ताप उतरव. बाकी काही मागत नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार. मारबत

उतरला!! ताप उतरला!

सकाळी थर्मामीटर लावला — अठ्ठ्याण्णव. विश्वास बसेना, झटकून पुन्हा लावला. अठ्ठ्याण्णवच. हर्षलच्या डोळ्यांपुढे धरला. म्हणालो, “पाय! आज साहेबाची ऑफ हाय.” त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. बापाच्या पाठीवर! मारू दे. आज सगळं माफ.

आणि दिवसही कोणता, तर मारबतीचा, घरातली रोगराई गावाबाहेर टाकून यायचा. दाराचे मेढे उपटले, उन्नतीच्या हातात एक दिला, माझ्या हातात एक, फकिरा त्याच्या नातवाला, गोलूला, घेऊन आला. चौघांची मिरवणूक निघाली. गावाची शीव नाही इथं, म्हणून सेक्टरच्या बाहेरच्या नाल्यापर्यंत. मी ओरडलो, “खासी-खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत! मलेरिया घेऊन जा गे मारबत!” पोट्टे मागून ओरडले. स्कूटरवाले थांबून पाहत होते. पाहोत! माझ्या घरातला ताप गेला आहे, मी ओरडणार.

देवा तुझे उपकार. मारबत तुझे उपकार. राजहऱ्याच्या त्या कंपाउंडरचे उपकार, तो जिथं असेल तिथं सुखी असो. त्यानं शिकवलेली गोळी आज माझ्या सुनेच्या कामी आली.

मिताली दिवसभर झोपूनच आहे. पोट दुखतंय म्हणते. गोळीनं होतं तसं. कोर्स तर परवाच पूर्ण झाला. हर्षलला सांगितलं, उद्या बिनधास्त ड्यूटीवर जा. उद्या ताप आला तरी हलकाच येईल. मी आहे ना घरी.

४ सप्टेंबर, बुधवार

मिताली हॉस्पिटलात. आत नेली. लिहवत नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

हर्षल तिथंच आहे. रायपूरहून मितालीची आई, वंदनाताई, आल्या, त्याही तिथंच. मला घरी पाठवलं, उन्नतीसाठी. ती आता फकिराच्या घरी खेळते आहे. काल काय झालं ते लिहितो, म्हणजे डोक्यातून थोडं उतरेल.

सकाळी हर्षल ड्यूटीला गेला, उन्नती शाळेत. मी मितालीच्या उशाशी खुर्ची टाकून बसलो, मलेरियाची शिफ्ट सुरू व्हायची वाट पाहत. तिचा हात हातात घेतला तर थंडगार. आणि मी खूश झालो! हो, खूश. हिव भरतंय, आता ताप चढेल, मग घाम येईल, मग संपलं. तिच्या अंगावर दोन ब्लँकेटं घातली. वरून माझी जुनी खाणीतली घोंगडी.

पण ती कुडकुडत नव्हती. दात वाजत नव्हते. नुसती थंड. कपाळाला चिकट घाम. पोट धरून या कुशीवरून त्या कुशीवर. म्हणाली, “बाबा, मला काहीतरी वेगळंच होतंय. हर्षलला फोन करा ना.”

मी म्हणालो, “थांब बेटा. आधी ताप येऊ दे, मंग उतरते.”

ती म्हणाली, “बरं.”

थोड्या वेळानं मोरीकडे जायला उठली आणि दारातच खाली बसली. उलटी झाली. काळी. चहाच्या गाळासारखी. डोळे वर गेले. मी हाक मारली तर ओ नाही.

मग मी ओरडलो. फकिराची ऑफ होती म्हणून तो घरी होता, नाहीतर काय झालं असतं कोणास ठाऊक. तो बनियनवर धावत मेन रोडला गेला आणि पावर हाउसच्या बाजाराकडे जाणारा भरलेला ऑटो थांबवून त्यातली माणसं उतरवली. उतरलीही बिचारी! कोणी कुरकुर केली नाही. एका बाईनं तर तिची पाण्याची बाटली दिली. कोण होती ती, चेहराही आठवत नाही. तिचं भलं होवो.

हॉस्पिटलात नाडी सापडेना. एक पोरगीएवढी डॉक्टर, केसांना साधं रबर लावलेलं, ती ओरडली — “इतनी देर क्यों की? बुखार उतरे कितना टाइम हुआ?” मी म्हणालो, कल से. म्हणालो, मलेरिया आहे, कोर्स पूर्ण केला आहे. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पडदा ओढला.

दुपारी हर्षल कपडे न्यायला आला. डोळे सुजलेले. म्हणाला, “बाबा, तिले कोनत्या कोनत्या गोळ्या दिल्या? पत्ते द्या.” गोळ्यांचे फाडलेले पत्ते दिले. गुडघ्याच्या गोळीचा पत्ता उलटसुलट करून पाहत राहिला. मग माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. मी म्हणालो, “बोल.” बोलला नाही. गाडीला किक मारली, लागली नाही, पुन्हा मारली, गेला.

रक्ताचा रिपोर्ट काय आला तेही सांगितलं नाही.

तीच संध्याकाळ

वंदनाताईंचा फोन! मिताली शुद्धीवर आली!! बोलली!

वंदनाताई म्हणाल्या, “कृष्णराव, ऐकताय ना? मलेरियाच आहे. जरा बिघडला, डोक्यात चढला म्हणतात. तुम्ही वेळेवर गोळी दिलीत म्हणून टिकली पोर. डॉक्टरांनीच सांगितलं.”

दोन दिवस छातीवर धोंडा होता, तो कोणीतरी उचलला. मी काय काय समजत होतो! म्हणालो, “विहीणबाई, तुमचे पाय कुठं हायेत?” त्या रडायला लागल्या. मीही.

उन्नतीला खांद्यावर घेतलं आणि अंगणात दोन चकरा मारल्या. गुडघा काही दुखला नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

रक्तातल्या प्लेटलेट फार खाली गेल्या म्हणे. रेल मिलमधून हर्षलचे सोबती द्यायला आले. एक सरदारजी, एक केरळचा, एक इथलाच, अर्जुन्द्याकडचा पोरगा. तिजेचा, म्हणजे आपल्या हरतालिकेचा दिवस, त्या पोराच्या बायकोचा निर्जळ उपास, आणि हा इकडे माझ्या सुनेसाठी हात पुढे करून बसलेला. या गावाचं हेच मला आवडतं. कोण कुठला, काही विचारायचं नाही. मशीन बंद पडली की सगळे धावतात, माणूस पडला की तसेच धावतात.

मलेरियातही प्लेटलेट पडतात. राजहऱ्याला पडतच असणार, फक्त तिथं कोणी मोजत नव्हतं.

७ सप्टेंबर, शनिवार. गणेश चतुर्थी

उन्नतीनं हट्ट केला म्हणून पावर हाउसच्या बाजारातून वीतभर गणपती आणला. आरती दोघांनीच म्हटली. मला अर्धी येते, तिला अर्धी, पण दोघांची अर्धी तीच! उरलेली टाळ्या वाजवून भागवली.

प्लेटलेट वर चढताहेत. मोरया!

९ सप्टेंबर, सोमवार

आज हॉस्पिटलात जाऊ दिलं. घराला कुलूप लावलं, उन्नतीला फकिराच्या बायकोजवळ ठेवलं, दुपारच्या भेटीच्या वेळेला गेलो.

मितालीच्या खाटेला मच्छरदाणी लावली होती. मी मनात म्हटलं, झालं, मच्छरदाणी आहे म्हणजे मलेरियाच! उगाच मनात शंका येत होत्या. दंडावर बारीक लाल पुरळ उठलं आहे. गोळीची गरमी. किती वाळली पोर! सलाइनच्या हातानंच माझा हात धरला आणि पहिलं काय विचारावं? “बाबा, जेवता ना नीट? वरण पातळ करता म्हणे.” उन्नतीनं फोनवर चहाडी केली आहे.

मी बोलायला लागलो, “बेटा, मीनं हर्षलले फोन लावाले पायजे होता, तू म्हन्तलं तेव्हाच—” तर तिनं माझं बोलणं तोडलं. म्हणाली, “बाबा, तुमच्या गोळीनंच वाचले ना मी. बस झालं.” आणि डोळे मिटून घेतले. थकते अजून.

ती रबरवाली डॉक्टर आली. विचारलं, डॉक्टर साहब, मलेरिया की कौन सी दवा चल रही है? डॉक्टरनं मितालीकडे पाहिलं. मिताली डॉक्टरकडे. मग डॉक्टर मला म्हणाली, “सबसे अच्छी वाली, अंकल.” आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. त्या दिवशी ओरडली म्हणून मी तिच्यावर रागावलो होतो. तिच्या आईबापांनी चांगलं वळण लावलं आहे.

शेजारच्या खाटेवरची बाई मला काही विचारायला लागली, तर वंदनाताईंनी तिच्या हातात सफरचंदच कोंबलं! मोठ्या मनाच्या आहेत वंदनाताई. सगळ्या वॉर्डाला खाऊ घालतात.

११ सप्टेंबर, बुधवार

घरी आली. घरी आली. घरी आली.

फकिराच्या बायकोनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. उन्नती दिवसभर आईच्या पदराला धरून आहे, मोरीपर्यंत मागे जाते. हर्षलनं आज पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलणं केलं. म्हणाला, “बाबा, चाय पिता का?” एवढंच. पण त्यानं स्वतः केला, आल्याचा.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी फकिरा आला. गोलूला रात्रीपासून ताप. म्हणालो, देतो गोळी, बस. डबा काढतच होतो तर आतून मितालीची हाक. एवढी अशक्त आहे, पण हाक अशी की शाळेतला वर्ग उभा राहील.

जवळ बसवून घेतलं. म्हणाली, “बाबा, मी मरणातून आले ना? मग मला काहीतरी द्या.”

“माग बेटा. माहं जे हाय ते तुहंच हाय.”

“यापुढे रक्त तपासल्याशिवाय कोणाला गोळी द्यायची नाही. कोणाला म्हणजे कोणालाच. स्वतः पण घ्यायची नाही. गुडघ्याची पण डॉक्टरला विचारून. माझी शपथ.”

हे काय मागणं! साडी मागायची, अंगठी मागायची. माझ्या गोळीनं ही वाचली आणि आता मलाच गोळी बंद! पण तिच्या मनगटावर सुयांचे निळे डाग होते. ते पाहून माझ्याच्यानं नाही म्हणवेना. घेतली शपथ. म्हणाली, डबा पण द्या. दिला. तिनं तो गणपतीच्या मागे ठेवला, जिथं माझा हात आंघोळीशिवाय जात नाही. हुशार आहे!

फकिराला म्हणालो, जा बाबा, रक्त तपासून आण, सूनबाईचा हुकूम आहे. मला वाटलं तो कुरकुरेल. तो तर ऐकल्याबरोबर पळाला.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

गोलूचा रिपोर्ट आला. मलेरिया नाही. दुसराच कसला तरी व्हायरल ताप, लवकर कळलं म्हणून घाबरायचं कारण नाही म्हणतात. पाणी भरपूर पाजा, रोज तपासायला आणा. लॅबवाला चुकला असेल. पण पोरगा खेळतो आहे, तेव्हा भांडण कशाला.

१४ सप्टेंबर, शनिवार

बागेतल्या बाकावर गेलो होतो, किती दिवसांनी. सगळे रिटायर लोक जमले होते. मी सविस्तर सांगितलं — कसा बिघडला, कसा डोक्यात चढला, आणि वेळेवर गोळी पोटात होती म्हणून कशी टिकली. मग एकदम सगळे क्रिकेटवर बोलायला लागले. विष्णुजी तर, ज्यांना क्रिकेटमधलं काही कळत नाही, तेही. जळतात! जळू देत.

१५ सप्टेंबर, रविवार

आज मितालीनं पेपर वाचून दाखवला. आवाज अजून बारीक आहे. केस मूठ मूठ गळतात, सांधे दुखतात, जिना चढताना दोनदा थांबते. पण निधनवार्तांचं पान आलं तेव्हा म्हणाली, “बाबा, आज हे राहू दे का?” म्हणालो, राहू दे, कायमचं राहू दे.

मग मी बसल्या बसल्या मनात सगळ्यांना हात जोडले. ऑटोतून उतरलेल्या माणसांना. पाण्याच्या बाटलीवाल्या बाईला. फकिराला. सरदारजीला, केरळवाल्याला, त्या अर्जुन्द्याच्या पोराला आणि त्याच्या उपाशी बायकोला. रबरवाल्या डॉक्टरला. वंदनाताईंना. हर्षलला, की तो त्या दिवशी जे बोलणार होता ते बोलला नाही. आणि शेवटी, थोडं लाजत लाजत, स्वतःलाही. की म्हाताऱ्या, आयुष्यभर एक विद्या केली तिनं घरातलंच माणूस वाचवलं.

सत्तरीला आलो. इतकं सुख मला आधी कधी झालं होतं असं वाटत नाही.

१६ सप्टेंबर, सोमवार

सकाळी निगमचे, म्हणजे महापालिकेचे, दोघे आले, पाठीला औषधाचे पंप. “अंकल, डेंगू वाली मैडम का घर यही है ना? मिताली जी? पिछले सोमवार आए थे, ताला था. कूलर और टंकी देखना है.” म्हणालो, घर चुकलं, इथं मलेरिया होता. त्यानं मोबाइल पाहिला. “नहीं अंकल, हॉस्पिटल से आया है. डेंगू था. बहुत सीरियस थीं, बुखार उतरते ही बिगड़ता है ये. अब ठीक हैं?”

फकिरा त्याच्या अंगणात होता. त्याच्याकडे पाहिलं. तो खाली पाहायला लागला. म्हणाला, “भाऊ, सर्व्यायले माहीत हाय. होश आल्याबराबर मितालीनंच सर्व्यायले शपथ घातली. म्हणे, बाबाले सांगू नोका, ते खचून जातील.”

म्हणजे ताप उतरला तेव्हाच ती मरणाच्या दारात होती, आणि मी मारबत नेत होतो. म्हणजे शुद्धीवर आल्यावर तिनं पहिला विचार माझा केला.

ओट्यावर बसलो. रडू आवरेना. दोघे आत जाऊन कूलरचं पाणी ओतत होते. मग आतून मितालीचा आवाज आला, “बाबा, कोण आलंय हो?”

डोळे पुसले. म्हणालो, “कोनी नाई बेटा. मलेरियावाले हायेत.”